भट्टीशेजारी भट्टी का लागते?

अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला गेलात की एक गोष्ट हमखास होते. हवं ते पुस्तक पहिल्या दुकानात मिळत नाही आणि दुकानदारच सांगतो, पुढे दोन दुकानं सोडून विचारा. आपलं गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे पाठवणारा हा माणूस काही संत नाही. तासाभरात शेजाऱ्याचं गिऱ्हाईक आपल्याकडे येणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मुळात आपण त्या चौकात एका दुकानासाठी जातच नाही, सगळी दुकानं एका जागी आहेत म्हणून जातो. पुण्याची तांबट आळी, कोल्हापूरची गुजरी आणि चप्पल लाइन, मुंबईचा झवेरी बाजार ही सगळी नावं याच जुन्या शहाणपणातून आलेली आहेत.

दुकानांचं गणित चटकन कळतं. कारखान्यांचं कळत नाही. कारखान्याचं गिऱ्हाईक काही पिशवी घेऊन दारात येत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतलेला भाग विकत घेणारी कंपनी पुण्यात असते, चेन्नईत असते, परदेशातही असते. मग त्या फाउंड्रीला आणखी शंभर फाउंड्रींच्या गर्दीत उभं राहून काय मिळतं? जमीन महाग, कामगार पळवले जाण्याची भीती, दर पाडणारा स्पर्धक भिंतीपलीकडे. तरी नवा माणूस भट्टी लावायची म्हटली की पुन्हा तिथेच जातो.

याला सरकारी फायलींमध्ये आणि मॅनेजमेंटच्या पुस्तकांत 'क्लस्टर' म्हणतात. मराठीत 'उद्योगसमूह' म्हटलं की डोळ्यांपुढे टाटा-बिर्ला येतात, म्हणून क्लस्टरच म्हणू. एकाच किंवा एकमेकांशी जोडलेल्या धंद्यांचा एका गावात जमलेला गोतावळा, एवढाच त्याचा अर्थ. आपली शहरं मोठी का होतात, काही का खुरटतात, आणि डिग्री हातात घेऊन आपल्याला पुण्याची किंवा बंगळूरची बस का पकडावी लागते, याचं बरंचसं उत्तर या गोतावळ्यात आहे. (मास कॉमला अर्थशास्त्राचा पेपर असतो. त्यात हे नव्हतं.)

एका कास्टिंगचा प्रवास

कोल्हापूर परिसरात लहान-मोठ्या मिळून सुमारे ३०० फाउंड्री आहेत. फाउंड्री म्हणजे ओतकामाचा कारखाना. बीड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, थंड झालं की साचा फोडून आतला भाग बाहेर काढायचा. हा भाग म्हणजे कास्टिंग. घरातला बिडाचा तवा हे त्याचं सगळ्यात साधं रूप, इंजिनाचा ब्लॉक हे बरंच अवघड रूप. जुनं उद्यमनगर शहराच्या पोटात आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगाव पुणे-बंगळूर हायवेच्या कडेला, आणि त्यानंतरची कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी.

समजा, पुण्यातल्या एखाद्या कंपनीला नव्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं हाउसिंग हवं आहे. ड्रॉइंग मेलवर येतं. पहिलं काम पॅटर्नमेकरचं. वाळूत ठसा उमटवायला त्या भागाचा नमुना लागतो, तो पॅटर्न. नमुना म्हटला तरी तो हुबेहूब करून चालत नाही. वितळलेलं बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. तो वाळूतून उचलताना साचा ढासळू नये म्हणून बाजूंना थोडा उतार द्यायचा. कुठे किती, हे तक्त्यात लिहिलेलं असतं. पण जाड भाग आणि पातळ भाग शेजारीशेजारी आले की काय होतं, हे तक्त्यापेक्षा आधी बिघडलेल्या दहा कास्टिंग्जकडून जास्त कळतं.

भागाच्या आत पोकळी हवी असेल तर वाळूचाच गाभा करून साच्यात ठेवतात, त्याला कोअर म्हणतात. कोअर करून देणारे वेगळे. त्या वाळूला बांधून ठेवणारं रेझिन विकणारा वेगळा. भट्टीत जाणाऱ्या स्क्रॅपचा व्यापारी वेगळा. वितळलेल्या धातूत कार्बन किती, सिलिकॉन किती, हे सांगणारं यंत्र प्रत्येक छोट्या कारखानदाराला परवडत नाही, तो नमुना लॅबमध्ये धाडतो. ओतून झालं की कडांना लागलेलं जास्तीचं बीड घासून काढायचं, त्याला फेटलिंग म्हणतात. हे धुळीचं, कानठळ्या बसवणारं काम बहुतेक वेळा ठेकेदाराची माणसं करतात. पुढे मशीनशॉप. तिथे भोकं पडतात, पृष्ठभाग घासले जातात, मापं मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात पाळावी लागतात. हेही पुष्कळदा जॉबवर्कवर, म्हणजे दुसऱ्याच्या शेडमध्ये. मग रंग, पॅकिंग, टेम्पो.

या प्रवासात 'वेगळा' हा शब्द किती वेळा आला बघा. कोल्हापूरचा फाउंड्रीवाला आपल्या छपराखाली यातली दोन-तीन कामं करतो, बाकीची पाच-दहा किलोमीटरच्या आत करून घेतो. त्यामुळे भांडवल कमी लागतं. भांडवल कमी लागतं म्हणून काल दुसऱ्याकडे फोरमन असलेला माणूस आज एक-दोन जुनी मशिनं घेऊन धंदा सुरू करू शकतो. हीच फाउंड्री एकटी कुठल्या तरी माळावर टाकून बघा. पॅटर्न शॉप, लॅब, मशीनशॉप सगळं स्वतःचं उभं करावं लागेल. भट्टीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये बिघाड झाला तर मेकॅनिक दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं येईल, आणि तोवर भट्टीतला माल घट्ट होऊन बसेल. शिरोलीत तो मोटारसायकलवर येतो.

१८९० मध्ये ब्रिटिश अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथात नेमकं हेच मांडलं होतं. सुऱ्या-कात्र्यांसाठी नावाजलेलं शेफिल्ड, कापडगिरण्यांचं लँकेशायर अशी गावं त्यांच्यासमोर होती. कसबी कामगारांना तिथे काम शोधत फिरावं लागत नाही आणि मालकाला कामगार. पूरक धंदे आपोआप आजूबाजूला उगवतात. ही दोन कारणं तर आपल्या हाउसिंगच्या प्रवासात दिसलीच. मार्शल यांचं तिसरं कारण मात्र मोजता न येणारं आहे: अशा गावात धंद्याचं ज्ञान कोणाच्या तिजोरीत राहत नाही, ते गावभर पसरतं. पोरं ते ऐकत ऐकतच मोठी होतात.

नोकरी सोडणाऱ्यांचं गाव

हे तिसरं कारण समजून घ्यायला शेफिल्ड गाठायची गरज नाही. कोल्हापुरातच बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास स्वदेशी सिनेकॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्या कंपनीत पडदे रंगवणं, सेट उभारणं, कॅमेरा चालवणं, नट म्हणून उभं राहणं हे सगळं करत तयार झालेली माणसं पुढे बाहेर पडली. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांना सोबत घेऊन १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली. आज याला स्टार्टअप म्हटलं असतं. 'स्पिन-ऑफ' म्हणून त्याची केस स्टडी झाली असती.

अगदी असाच प्रसंग १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात घडला. ट्रान्झिस्टरच्या शोधातले एक नोबेलविजेते विल्यम शॉकली यांच्या प्रयोगशाळेतून आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर सुरू केली. त्यातल्याच रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये फेअरचाइल्डही सोडली आणि इंटेल काढली. आपण ज्याला सिलिकॉन व्हॅली म्हणतो ती अशी राजीनाम्यांवर वाढलेली आहे.

त्या काळात अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बॉस्टनभोवतीच्या 'रूट १२८' नावाच्या रस्त्यालगत याहून मोठ्या संगणक कंपन्या होत्या. शेजारी एमआयटी, पैसाही भरपूर. तरी ऐंशीच्या दशकात बॉस्टन मागे पडलं. ॲनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ च्या पुस्तकात या दोन ठिकाणांची तुलना केली आहे. बॉस्टनच्या कंपन्या स्वतःत बंद होत्या. सगळं घरातच करायचं, बाहेर बोलायचं नाही, कंपनी सोडणारा म्हणजे गद्दार. व्हॅलीत माणसं कंपन्या बदलत राहिली आणि त्यांच्याबरोबर डोक्यातलं ज्ञानही फिरत राहिलं. कायद्याचाही हात होता. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही, असा करार कॅलिफोर्नियात टिकत नाही. ती तरतूद १८७२ ची आहे.

आणि योगायोग बघा, आपला भारतीय करार कायदाही १८७२ चाच. त्याच्या कलम २७ प्रमाणे कोणालाही आपला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. प्लेसमेंटच्या वेळी ऑफर लेटरमध्ये 'नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच क्षेत्रात काम करणार नाही' असं बारीक अक्षरात दिसलं तर हे कलम आठवू द्या. ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याचा बाँड ही मात्र वेगळी गोष्ट. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेचा असा बाँड वैध ठरवला आहे, त्यामुळे तिथे सही डोळे उघडे ठेवून करायची.

कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत हे कलम किती जणांना तोंडपाठ असेल कोण जाणे, पण ते जगतात त्याच्याच तत्त्वानं. मालक कुरकुरतात की शिकवून तयार केलेला माणूस शेजारचा दोन हजार जास्त देऊन नेतो. त्रागा खरा आहे. पण त्या मालकाचा स्वतःचा फोरमन कुठून आला होता?

इंजिन गेलं, हात राहिले

मला या सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा कोल्हापूरच्याच जुन्या गोष्टीत सापडतो. इथला इंजिनिअरिंगचा धंदा मोटारींसाठी सुरू झालेलाच नाही. आधी ऊस होता, गुऱ्हाळं होती, विहिरी होत्या. उसाचे चरक, पाण्याचे पंप आणि ते चालवायला ऑइल इंजिन. उद्यमनगरातले कारागीर ही इंजिनं दुरुस्त करता करता स्वतः बनवायला लागले. मग गावोगाव वीज गेली. शेतकऱ्यानं बटण दाबलं की मोटार सुरू व्हायला लागली आणि डिझेलवर भकभकणाऱ्या इंजिनाची मागणी ओसरली.

नियमाप्रमाणे उद्यमनगर तेव्हाच संपायला हवं होतं. संपलं नाही. ज्या हातांनी ऑइल इंजिनाचा ब्लॉक ओतला होता, त्यांना ट्रकचा ब्रेक ड्रम ओतणं जमण्यासारखं होतं. तिकडे पुण्यात पिंपरी-चिंचवडला मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले होते आणि त्यांना असे हात हवेच होते. गिऱ्हाईक बदललं, वस्तू बदलली, भट्टी कोळशावरून विजेवर आली. गाव तेच राहिलं. म्हणजे कोल्हापूरचं क्लस्टर ऑइल इंजिनाचं कधी नव्हतंच, ते ओतकाम जाणणाऱ्या माणसांचं होतं. हे जिथे विसरलं जातं तिथे घोटाळा होतो.

उलटं उदाहरण डेट्रॉइटचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथेही लहान-लहान वर्कशॉपची रेलचेल होती, एकमेकांकडून शिकणारी. पुढे सगळं तीन अवाढव्य कंपन्यांभोवती गोळा झालं. त्यांनी जवळपास सगळं स्वतःच्या छपराखाली ओढलं. १९५० मध्ये साडेअठरा लाख लोकसंख्या असलेलं शहर २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करत होतं आणि तेव्हा तिथे सुमारे सात लाख माणसं उरली होती. वस्तू तीच राहिली, मालकही तेच राहिले, पण नवं काही सुरू करणारे हात आसपास उरले नव्हते.

आपल्याकडचं तळेगाव याच्या मधोमध कुठे तरी बसतं. जनरल मोटर्सनं तिथे २००८ मध्ये कारखाना सुरू केला आणि २०२० च्या अखेरीस उत्पादन बंद केलं. कामगारांचे त्यात हाल झाले, त्यावर पांघरूण घालायला नको. पण २०२३ मध्ये ह्युंदाईनं तोच कारखाना घ्यायचा करार केला. रिकाम्या शेड देशात बऱ्याच ठिकाणी मिळतात. शेडच्या भोवती सीट, वायरिंग, रबर, कास्टिंग पुरवणाऱ्यांचं पुण्यासारखं जाळं मात्र मोजक्याच जागी मिळतं. एक कंपनी गेली म्हणून गाव ओसाड पडलं नाही, ते या जाळ्यामुळे.

शहराला काय मिळतं?

एन्रिको मोरेटी नावाच्या अर्थतज्ज्ञानं अमेरिकेतल्या शहरांचा हिशेब मांडला. बाहेर माल विकणाऱ्या उत्पादन क्षेत्रात एक नोकरी वाढली की त्याच शहरात आणखी साधारण दीड नोकऱ्या तयार होतात आणि हायटेक क्षेत्रातली एक नोकरी पाचपर्यंत नेते. न्हावी, शिक्षक, वकील, वेटर, डॉक्टर अशा नोकऱ्या. आकडे अमेरिकेचे आहेत, ते जसेच्या तसे इथे चिकटवणं बरोबर नाही. पण तर्क आपल्याला ओळखीचा आहे. कास्टिंग परगावी जातं आणि परगावचा पैसा इथे येतो, तो पुढे मेसवाल्याकडे, टेम्पोवाल्याकडे, सीएकडे, क्लासवाल्याकडे फिरतो. ज्या गावातून काहीच बाहेर जात नाही तिथे सगळे एकमेकांनाच चहा विकत बसतात.

याची दुसरी बाजू हिंजवडीला रोज संध्याकाळी सहा वाजता दिसते. आयटीची एक कंपनी आली म्हणून दुसरी आली, दुसरी आली म्हणून दहावी. रस्ते मात्र पहिल्या कंपनीच्या हिशेबानंच राहिले. गर्दीमुळे क्लस्टर वाढतं आणि गर्दीनंच ते गुदमरतं. भाडं वाढतं, ते आयटीत नसलेल्यांनाही भरावं लागतं. जाळ्यातल्या सगळ्यात खालच्या धाग्यावर ताण सगळ्यात जास्त, हेही खरं. मोठी कंपनी दर आवळते, फाउंड्रीवाला जॉबवर्कवाल्याचा दर आवळतो, तो ठेकेदाराचा, आणि ठेकेदार फेटलिंग करणाऱ्या पोराचा. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत चुकते करा, असं २००६ चा कायदा सांगतो. तो पाळला जावा म्हणून २०२४ पासून आयकर कायद्यालाच त्याची गाठ मारावी लागली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीत धरत नाहीत. नुसत्या कायद्यानं भागत होतं, तर ही गाठ लागली नसती.

भूखंड म्हणजे क्लस्टर नव्हे

निवडणूक आली की प्रत्येक तालुक्याला एमआयडीसीचं आश्वासन मिळतं. १९६२ मध्ये महामंडळ स्थापन झालं, तेव्हापासून जमीन, रस्ता, पाणी, वीज देण्याचं काम ते करत आलं आहे आणि पिंपरी-चिंचवडच्या उभारणीत त्याचा वाटा मोठा आहे. पण भूखंड पाडले की क्लस्टर उगवतं, ही समजूत महागात पडते. बोर्ड लागलेले, कुंपण घातलेले आणि आत गवत वाढलेले भूखंड तुमच्याही तालुक्याच्या वाटेवर असतील.

पिंपरीत नुसते भूखंड नव्हते. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, साठच्या दशकात तिथे पाय रोवले तेव्हा आधी अवजारं-डाय बनवणं आणि पोरांना प्रशिक्षण देणं सुरू केलं, ट्रक बाहेर पडायला पुढे बरीच वर्षं गेली. त्या प्रशिक्षणातून तयार झालेली सगळीच माणसं काही टेल्कोत राहिली नाहीत. ज्यांनी भोसरी-चिंचवडला स्वतःच्या शेड टाकल्या, त्यांच्यामुळे पुढच्या कंपन्यांना इथे यायला कारण मिळालं.

सरकारला करता येण्यासारखं आणखी एक काम आहे, आणि ते फार आकर्षक नाही. एकट्याला न परवडणारी पण सगळ्यांना लागणारी गोष्ट उभी करणं. ओतकामात वापरलेली वाळू ही फाउंड्रीची मोठी डोकेदुखी. ती टाकायची कुठे आणि नवी आणायची कुठून? कोल्हापुरात केंद्राच्या योजनेच्या मदतीनं फाउंड्रीवाल्यांनी मिळून वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारा प्रकल्प उभारला. रील बनवण्यासारखा हा विषय नव्हे, फीत कापायलाही फारसं कोणी धावणार नाही. पण माझ्या मते करसवलतींच्या दहा घोषणांपेक्षा असा एक प्रकल्प आणि एक चांगली चाचणी प्रयोगशाळा गावाला जास्त टिकवते. सवलतीच्या ओढीनं आलेला कारखाना जास्त सवलत देणाऱ्याकडे निघून जाऊ शकतो. विजेच्या दराला वैतागून कर्नाटकात जाण्याची भाषा कोल्हापूरच्या कारखानदारांनीही केलीच होती. सीमा तर हाकेच्या अंतरावर. तरी क्लस्टर इथेच राहिलं, कारण भट्टी ट्रकवर घालून नेता येते, आजूबाजूचे पॅटर्नमेकर आणि मशीनशॉप नेता येत नाहीत.

नेता येत नाहीत म्हणजे कधीच जात नाहीत, असं नाही. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. कोल्हापुरात स्टुडिओ राहिले, सिनेमेही होत राहिले. पण १९६० मध्ये देशाची फिल्म इन्स्टिट्यूट काढायची ठरली तेव्हा ती पुण्यात, प्रभातच्याच जागेत निघाली. स्वदेशी कॅमेरा बनवणाऱ्या गावाच्या पोरांना तेव्हापासून सिनेमा शिकायला पुण्याची बस पकडावी लागते.

पुढची भट्टी

आता कोल्हापूरपुढे पुन्हा ऑइल इंजिनासारखा प्रसंग आहे. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नसतं. म्हणजे ब्लॉक नाही, सिलिंडर हेड नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नाही. हे सगळं एका रात्रीत संपणार नाही. ट्रॅक्टर, अवजड ट्रक, पंप, बांधकामाची यंत्रं यांना बीड बराच काळ लागेल, आणि ब्रेक-सस्पेन्शनचे भाग तर इलेक्ट्रिक गाडीलाही लागतातच. पण मोटरच्या आणि बॅटरीच्या पेट्या ॲल्युमिनियमच्या असतात. त्याचं ओतकाम वेगळं, यंत्रं वेगळी, चुका वेगळ्या. जो या बदलात हात घालणार नाही त्याची ऑर्डर एके दिवशी नुसती येईनाशी होईल.

मागच्या वेळी गाव तरलं ते हातांमुळे. या वेळी हातांचाच प्रश्न आहे. भट्टीसमोर उभी असलेली पोरं आता बरीचशी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली असतात. त्यांच्यावाचून एक शिफ्ट चालायची नाही, आणि ती शिकतात तेव्हा त्यांचं ज्ञान सणाला गावी जाताना त्यांच्याबरोबर गाडीत बसतं. आपली पोरं डिग्री घेतात आणि पुण्यात आयटीत लागतात. त्यात चूक काही नाही. उन्हाळ्यात चौदाशे अंशांच्या धातूपाशी उभं राहण्यापेक्षा एसीत बसावंसं वाटणं हा आळस नव्हे. फाउंड्रीचं सुरुवातीचं पॅकेज, धूळ, रात्रपाळी आणि लग्नाच्या बाजारातली पत, हे चारही प्रश्न कारखानदारांनीच सोडवायचे आहेत आणि ते सोडवल्याशिवाय 'पोरांना कष्ट नकोत' हे त्यांचं गाऱ्हाणं मी तरी मनावर घेणार नाही.

पण दोन्हीकडे एक दार बंद आहे, ते खटकतं. गोकुळ शिरगावात एमआयडीसी आणि इंजिनिअरिंग कॉलेज एकाच हायवेवर आहेत. फायनल इयरचा प्रोजेक्ट मात्र पुष्कळदा सीनिअरच्या पेन ड्राइव्हमधून निघतो. दुसरीकडे ओतकामातल्या बिघाडांचा अंदाज आता संगणकावर घेता येतो. बीड कुठल्या कोपऱ्यात शेवटी गोठेल, पोकळी कुठे पडेल, हे भट्टी पेटवण्याआधी पडद्यावर दिसतं. त्यासाठीचं एक सॉफ्टवेअर तर आयआयटी मुंबईतल्या संशोधनातून तयार झालेलं आहे. वाळूचा साचा थ्रीडी प्रिंटरवर छापता येतो. हे चालवायला जो माणूस लागतो त्याला सॉफ्टवेअर यायला हवं आणि पडदा खोटं सांगतोय हे ओळखण्यापुरती भट्टीही माहीत असायला हवी. असा माणूस ना नुसत्या कॉलेजात तयार होतो, ना नुसत्या शेडमध्ये.

पदवीधरांनाही अप्रेंटिस म्हणून घेण्याची तरतूद कायद्यात आहे, विद्यावेतनाचा काही भाग सरकार भरतं. सहाव्या सेमिस्टरनंतरची सुट्टी म्हणजे महिना-दीड महिना. तेवढ्यात पॅटर्न शॉपमध्ये एक जुना मिस्त्री उतार किती द्यायचा हे नुसत्या अंगठ्यानं चाचपून सांगतो, ते बघून होतं. त्याला तो अंदाज कसा येतो, हे त्याला विचारून कोणी अजून कुठे लिहून ठेवलेलं नाही.